स्मरणाचा एकाक्षपणा

गेल्या २३ जानेवारीस टेंभी नाक्यावर नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या जयंतीनिमित्त झालेलें एक व्याख्यान आम्हीं ऐकलें. १९४३ च्या फेब्रुवारींत यू-१८० या जर्मन पाणबुडींतून झालेलें त्यांचें प्रस्थान, २८ एप्रिलला मादागास्करनजीक खवळलेल्या समुद्रांत आबिद हसन यांच्यासह रबरी होडींतून आय-२९ या जपानी पाणबुडीवर जाणें, हें सारें वक्त्यांनीं मोठ्या रसाळपणें वर्णिलें. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत आमच्याही टाळ्या होत्या. परंतु या आय-२९ चें पूर्वचरित्र वक्त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि श्रोत्यांपैकीं कोणीं विचारलेंही नाहीं!

२० नोव्हेंबर १९४२ रोजीं ‘टिलावा’ ही आगबोट मुंबईहून आफ्रिकेस निघाली. तिच्यावर ९५८ माणसें होतीं. त्यांत बहुतेक उतारू आपलेच हिंदी लोक. २३ तारखेस ऐन रात्रीं याच आय-२९ नें तिच्यावर पाणतीर सोडला. बोट लगेच बुडेना, म्हणून होड्यांत उतरलेले कांहीं उतारू परत वर चढले. तोंच दुसरा पाणतीर आला. २८० जीव गेले.

कोणी म्हणेल, ‘हें उकरून काढल्यानें नेताजींच्या कीर्तीस उणेपणा येतो.’ मुळींच नाहीं. टिलावा बुडाली तेव्हां नेताजी युरोपांत होते; त्या कृत्याशीं त्यांचा संबंध नाहीं. ज्यांची कीर्ति सत्य सोसण्याइतकी बळकट नसेल, त्यांच्याविषयीं अशी भीति बाळगावी. दुसरा म्हणेल, ‘युद्ध तें युद्धच.’ कबूल, पण ती सबब बुडविणाराची, विसरणाराची नव्हे.

बोटीवरील चांदीस मात्र कोणी विसरलें नाहीं. तिच्या २,३६४ लगडी २०१७ सालीं समुद्रतळांतून वर काढल्या गेल्या, आणि त्यांचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ सालीं निकालांत निघाला. चांदीस वकील मिळाले. मेलेल्यांस श्रोताही मिळूं नये काय?

आणि खलाशांचें तरी स्मरण आपण करतों काय? १९४४ च्या जुलैंत आय-२९ अमेरिकन पाणबुडीनें बुडविली. ऑगस्टांत यू-१८० बिस्केच्या उपसागरांत सर्व खलाशांसह नाहींशी झाली. ज्या पोलादी कवचांतून आपला नेता सुखरूप उतरला, त्यांतून उतरणें पुढें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

पुतळे उभारा, असें आमचें म्हणणें नाहीं. पुढील जयंतीस वक्त्यानें आय-२९ चें नांव घेतांच पुढच्याच वाक्यांत टिलावाचें नांव घ्यावें, आणि क्षणभर थांबावें. टाळ्या त्यानंतरही पडतील. थोड्या उशिरां पडतील, इतकेंच.