स्वस्त किलोमीटर कोणाच्या वाट्याला?

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या प्रचारात एक वाक्य हमखास कानी पडते : खर्च किलोमीटरला अवघा एक रुपया. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, आणि तेव्हापासून या वाक्याचे आकर्षण मध्यमवर्गीय घरांत वाढतच गेले आहे. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतील मधल्या सुट्टीत, कर्जाचा हप्ता आणि पेट्रोलची बचत यांची वजाबाकी कागदाच्या कपट्यांवर मांडली जाते. वजाबाकी बहुधा बरोबर असते. चुकतो तो तिच्यात घातलेला विजेचा दर.

पेट्रोलचा हिशेब सरळ आहे. लिटरचा भाव १०५ रुपये धरला आणि शहरातील गर्दीत लहान मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. या भावाविषयी लोकांनी कितीही त्रागा केला तरी त्याचा एक गुण मान्य करावा लागतो. पंपावर कारखानदार येवो वा रिक्षाचालक, दोघांना भाव एकच. महिन्यातले दहावे लिटर असो की शंभरावे, दर बदलत नाही. विजेचे तसे नाही. ती कोठे घेतली, कोणाच्या मीटरवर घेतली आणि त्या महिन्यात आधी किती जळली होती, यावर तिचा भाव ठरतो. विजेच्या मोटारीचा ‘इंधनखर्च’ म्हणून एखादा आकडा छातीठोकपणे सांगणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

महावितरणचे घरगुती दरपत्रक पाहावे. २०२४-२५ या वर्षात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना सुमारे सहा रुपये, १०१ ते ३०० युनिटांना सुमारे साडेअकरा रुपये आणि ३०१ ते ५०० युनिटांना पावणेसोळा रुपयांच्या आसपास दर होता. त्यावर १६ टक्के वीजशुल्क. पुढे आकड्यांत फेरफार झाले, मुंबईतील कंपन्यांचे दर निराळे आहेत. परंतु वापर वाढेल तसा दर चढत जाण्याची रीत सर्वत्र तीच. गरिबाच्या दिव्याला स्वस्त वीज मिळावी आणि वातानुकूलन यंत्र लावणाऱ्याने अधिक मोजावे, हा या रीतीमागील हेतू. तो योग्यच आहे. मात्र ही शिडी आखली गेली तेव्हा घरातल्या मीटरवर एक दिवस मोटारही पोसली जाईल, ही कल्पना कोणाच्या मनात नसावी.

आता महिन्याला २०० युनिटे वापरणाऱ्या एका कुटुंबाने विजेची मोटार घेतली आणि ती महिन्याला हजार किलोमीटर चालविली, असे समजावे. विद्युतभरणात होणारी गळती धरून मीटरवरील एका युनिटात मोटार सहा किलोमीटर जाते असे मानल्यास १६७ युनिटे अधिक लागतील. बहुतेक जण येथे बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढतात आणि त्या दराने मोटारीचा खर्च मांडतात. स्थिर आकार सोडता तो दर दहा रुपये येतो व किलोमीटरला एक रुपया सत्तर पैसे पडल्याचे समाधान मिळते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की येथे सरासरी खर्च पाहायचा नसून सीमान्त खर्च पाहायचा असतो. पंखा, दिवे, शीतकपाट यांनी स्वस्त युनिटे आधीच संपविली आहेत. मोटार रांगेत शेवटी उभी आहे. तिच्या वाट्याला दुसऱ्या टप्प्यातील १०० आणि तिसऱ्या टप्प्यातील ६७ युनिटे येतात. शुल्कासह त्यांची किंमत अडीच हजार रुपयांवर जाते. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. पेट्रोलच्या सात रुपयांपुढे हे अजूनही पुष्कळ कमी आहे, यात वाद नाही. पण प्रचारातील एका रुपयाची ती अडीचपट आहे, हेही तितकेच खरे.

ही झाली इंधनाची बाजू. खरेदीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर त्या तीन लाखांवर नऊ टक्के दराने वर्षाला २७ हजार, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार रुपये व्याज होते. कर्ज न काढणाऱ्यानेही ते धरावयास हवे, कारण तेवढी रक्कम ठेवीत ठेवली असती तर व्याज मिळालेच असते. हजार किलोमीटर चालविणाऱ्याची इंधनातील बचत साडेचार हजारांच्या घरात जाते. व्याज भागवून त्याच्या हाती काही उरते. परंतु महिन्याला ४०० किलोमीटर चालविणाऱ्या प्राध्यापकाची अथवा कारकुनाची बचत सुमारे एकोणीसशे रुपये. ती व्याजालाही पुरत नाही. तेल बदलणे, गाळण्या बदलणे यांतील काटकसर त्यात मिळविली तरी तराजू फार तर समतोल होईल. घटाची झीज आणि गाडी पुढे विकताना येणारी किंमत यांचा विचार त्यानंतरचा. धूर नको म्हणून ही मोटार घेणाऱ्याचे कौतुक करावे; पैसे वाचतील म्हणून घेणाऱ्याने मात्र आधी आपल्या गाडीच्या किलोमीटरची नोंद पाहावी.

मग ही मोटार खरोखर परवडते कोणाला? जो दररोज शंभर किलोमीटर धावतो त्याला, अर्थात भाड्याची मोटार चालविणाऱ्याला. आणि नेमके येथेच पाणी मुरते. स्वतःच्या मीटरवर रात्री गाडी लावायची तर गाडी मीटरजवळ उभी करता आली पाहिजे. चाळीत, गावठाणात, वाहनतळ नसलेल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याची गाडी रस्त्याच्या कडेला असते. तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर सोडण्याचे प्रकार घडतात, ते धोक्याचे आहेत. अशा माणसाला सार्वजनिक केंद्राचाच आसरा. तेथे युनिटला वीस-बावीस रुपये मोजावे लागतात. घरगुती वा सार्वजनिक वीजपुरवठ्यावर वस्तू व सेवा कर नाही. केंद्रावर गाडी भरणे ही सेवा ठरत असल्याने तेथे मात्र १८ टक्के कर द्यावा लागतो. बावीस रुपयांनी किलोमीटरला साडेतीन रुपये होतात. किलोला ऐंशी-नव्वद रुपयांनी मिळणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारी मोटारही जवळपास तेवढ्यातच धावते. शिवाय केंद्रावर ताटकळण्यात जाणारा तास हा भाडेकऱ्याच्या मजुरीतून वजा होतो, तो वेगळाच. ज्याच्याकडे बंगला, अंगण आणि छपरावर सौर पत्रे आहेत त्याला सर्वांत स्वस्त किलोमीटर. ज्याची भाकरी मोटारीवर अवलंबून आहे त्याला सर्वांत महाग, असा हा उफराटा न्याय आहे.

शासनाच्या सवलती हा न्याय सुलटा करतात काय? ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारींवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने मोटार वाहन करात सूट आणि समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू येथे पथकरमाफी दिली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींना सहा टक्के कर सुचविला गेला आणि तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. करातील सूट किमतीच्या टक्केवारीने मिळते, तेव्हा गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी. दुसरीकडे पेट्रोलच्या भावातील मोठा हिस्सा केंद्र व राज्य यांच्या करांचा असतो. श्रीमंताची दुसरी मोटार विजेवर गेली, की तो हिस्सा भरण्याचे काम दुचाकीवाल्याकडे आणि जुन्या गाडीवाल्याकडे उरते. हा मुद्दा विधिमंडळात क्वचितच निघतो.

उपाय दुर्मिळ नाहीत. वीज नियामक आयोगाने २०१८ मध्येच विद्युतभरण केंद्रांसाठी स्वतंत्र दरवर्ग निर्माण केला. त्यात घरगुती दरासारखे चढते टप्पे नाहीत. गृहनिर्माण संस्थेने या वर्गातील एक जोडणी घेऊन सभासदांना पोटमीटर दिले, तर मोटार तिसऱ्या टप्प्याच्या तावडीतून सुटू शकते. पण वार्षिक सभेत ‘ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी खर्च का सोसावा’ हा प्रश्न उठतो आणि विषय पुढील सभेवर जातो. प्रश्न गैरवाजवी नाही. जोडणीचा मूळ खर्च शासनाने उचलला, तर तो उरणारही नाही. नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागेत विद्युतभरणाची सोय असावी, अशी दुरुस्ती केंद्राने आदर्श इमारत उपविधींत २०१९ मध्ये केली आहे. जुन्या इमारतींसाठी तिचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत दिली, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. या वेळेत नोकरदाराची मोटार घरी नसतेच. ती कचेरीच्या, शाळेच्या, रेल्वे स्थानकाच्या आवारात उन्हात उभी असते. महागडी जलद यंत्रे तेथे लागत नाहीत. आठ तास उभ्या राहणाऱ्या गाडीला पंधरा अँपिअरचा साधा प्लग आणि एक पोटमीटर पुरेसा आहे. तीस लाखांच्या मोटारीवर सोडलेल्या सहा टक्के करात, म्हणजे एका गाडीमागे एक लाख ऐंशी हजार रुपयांत, एखाद्या जिल्हा परिषदेच्या वाहनतळावर असे किती प्लग बसतील, हा हिशेब वित्त विभागाने एकदा मांडून पाहावा.