ताण तोडायला पाणीच लागते



कर्जापायी एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला की चौकशीचा कागद तयार होतो. कारणाच्या रकान्यात कधी 'दारू' येते, कधी 'घरगुती भांडण', कधी 'मानसिक आजार'. आणि प्रकरण 'अपात्र' ठरते. गावातही लोक हळू आवाजात बोलतात, 'अलीकडे तो चिडका झाला होता, कुणात मिसळत नव्हता.' हे खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण पुष्कळदा ज्याला कारण म्हणून लिहिले जाते ते लक्षण असते. पीक पिवळे पडले म्हणून 'पिवळेपणाने मेले' असे कोणी लिहीत नाही. मुळाशी काय झाले ते उकरून पाहतो. माणसाच्या बाबतीत तेवढे तरी करावे.

संत्रा-मोसंबीच्या बागायतदाराला ताण समजावून सांगावा लागत नाही. बहार धरायचा तर पाणी बंद करून झाडाला ताण देतो. पाने मलूल होतात, वाढ थांबते, झाड अन्न साठवते. वेळेवर पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलाने भरते. पण पाणी आलेच नाही, तर तेच झाड आधी पाने टाकते, मग शेंडे वाळतात, शेवटी फांद्या जातात. ताण तोच, तो वेळेत तुटला की नाही एवढाच फरक.

माणसाचे शरीरही असेच चालते. कडब्याच्या गंजीतून साप निघाला की क्षणात अॅड्रेनलिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात उतरते आणि छाती धडधडू लागते. पाठोपाठ मेंदूतून निघालेला हुकूम मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथींना पोचतो आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढते. रक्तात साखर सोडायची आणि पचन, वाढ, रोगप्रतिकार ही कामे मागे टाकायची, हा त्याचा धर्म. साप गेला की कॉर्टिसॉल उतरते. ते आपले वैरी नाही. संकटातून वाचवणारे तेच आहे.

पण साप निघून जातो, सावकार जात नाही. बँकेची नोटीस, बियाण्याची उधारी, पडलेला भाव, मुलीचे लग्न हे संकट रोज उशाशी असते. ब्रूस मॅकइवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली उंदरांच्या मेंदूत दाखवून दिले की हे ताणाचे संप्रेरक मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या केंद्रात जाऊन बसते. पुढच्या प्रयोगांत दिसले की ताण लांबला की तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. विचार करून निर्णय घेणारा कपाळामागचा मेंदूही आखडतो, आणि भय व राग चेतवणाऱ्या अमिग्डालातील पेशींच्या फांद्या वाढतात. चिडणे, संशय घेणे, आठवण न राहणे, माणसे टाळणे यांची मुळे इथवर जातात. दिलासा एवढा की ताण हटल्यावर यातले बरेचसे भरून येते, हेही त्याच प्रयोगांत दिसले.

उंदरांचे सोडा, शेतकऱ्याचे पाहा. तमिळनाडूत ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादकांची परीक्षा घेतली गेली आणि २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. तोडणीआधी, हात तंग असताना, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी कमी सुटली. उसाचे पैसे हाती आल्यावर जास्त सुटली. माणूस तोच, डोके तेच. त्या अभ्यासकांनी याचे सगळे खापर ताणावर फोडले नाही. पैशाची विवंचनाच डोक्यातली जागा अडवते, असे त्यांचे म्हणणे. तिकडे केनियात पाऊस कमी पडल्यावर काही दिवसांनी गरीब शेतकऱ्यांचे कॉर्टिसॉल चढलेले आढळले. आभाळाचा हिशेब थेट रक्तात उतरतो तो असा.

आता हा ताण घरात कसा उतरतो ते पाहू. पाणी उताराकडे वाहते, रागही तसाच. रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियातील बबून माकडांच्या टोळ्या अनेक वर्षे अभ्यासल्या. वरच्या नराचा मार खाल्लेला नर खालच्याला मारतो, तो माद्या-पिल्लांवर निघतो. आणि सतत मार खाणाऱ्याचे कॉर्टिसॉल चढलेले राहते. १९८०च्या दशकात त्यांतल्या एका टोळीतले जवळजवळ निम्मे नर क्षयाने मेले. पर्यटकांच्या निवासाजवळच्या उकिरड्यावर मांसासाठी भांडायला जाणारे, म्हणजे सर्वांत दांडगे, तेच गेले. मागे राहिले ते सौम्य नर आणि माद्या. १९९३पर्यंत त्या जुन्या नरांतला एकही उरला नव्हता. बाहेरून नवे आले होते. तरी टोळीची रीत सौम्यच राहिली, आणि खालच्या नरांत ताणाची ती लक्षणे आढळली नाहीत. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. माकडांची रीत बदलू शकते, तर ज्या घरात बाजाराचा मार बायकोच्या पाठीवर उतरतो, त्या घराची रीत बदलणार नाही हे आम्हाला मान्य नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' काढून शेतकऱ्यांच्या समुपदेशनाची सोय केली. समुपदेशन हवेच. पण वाळत्या बागेला मल्चिंग करून पाणी वाचते, पाणी येत नाही. उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव आणि वेळेवर मिळणारे कर्ज हे ताण तोडणारे पाणी आहे. 'शेतकऱ्याचे मन कमकुवत' असे म्हणून या मागणीला बगल देणाऱ्यांना आता शास्त्राचाही आधार उरलेला नाही.

पाणी येईपर्यंत बाग जगवायची मात्र आपल्यालाच आहे. म्हणून प्रत्येक गावशाखेने जिल्हा बैठकीत तीन गोष्टींवर बोलावे. गारपीट, दुष्काळ किंवा जप्तीची नोटीस आली की त्या घरी चार दिवसांत दोघांनी जावे. उपदेश करू नये, ऐकावे. तंगीच्या काळात जमीन विकण्याच्या किंवा नव्या कर्जाच्या कागदावर कोणी एकट्याने आणि त्याच दिवशी सही करू नये. कर्जाचा आकडा घरातल्या बाईला माहीत असावा, आणि बैठकीत तिनेही बोलावे.

कुणाच्या तोंडून जगण्याचा कंटाळा ऐकू आला तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत दूरध्वनी ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक गावशाखेच्या फळ्यावर आजच लिहा, भावाच्या मागणीच्या शेजारी.