यंत्राने वाढावे, माणसाने पाहावे

चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की जयपुरात झाडांच्या फांद्यांना पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी टांगली जातात. त्यांना तेथे परिंडे म्हणतात. परिंडा टांगणे सोपे; तो रोज आठवणीने भरणे हे खरे व्रत होय. घरात कुत्रे वा मांजर पाळणाऱ्या वृद्धांच्या वाट्याला हेच व्रत बारा महिने येते. मुले नोकरीनिमित्त परगावी, गुडघे दुखरे, आणि वेळेवर खाणे मागणारा एक मुका जीव पायांशी! अशा घरांसाठी आपोआप खाणे वाढणारी, पाणी खेळते ठेवणारी, मांजराची शौचपेटी साफ करणारी यंत्रे आता मिळतात. ती अवश्य घ्यावीत. मात्र यंत्राचे काम कोणते व आपले कोणते, हे आधी ठरवावे.

खाणे वाढणाऱ्या यंत्राची रचना साधी असते. वर कोरड्या खाद्याचा डबा, खाली फिरती चकती आणि तिला चालविणारे घड्याळ. ठरल्या वेळी चकती फिरते व मोजके खाद्य ताटलीत पडते. वाकण्याचे कष्ट वाचतात. विस्मरणामुळे एखादे दिवशी उपास व एखादे दिवशी दुबार जेवण, हेही टळते. परंतु दूध-पोळी ह्या यंत्रातून वाढता येत नाही. शिवाय पारा ४० अंशांपलीकडे गेला की ओले अन्न लवकर नासते. म्हणून कोरड्या खाद्याची सवय आठ-दहा दिवसांत थोडी थोडी लावावी. यंत्रातून एका वेळी किती खाद्य पडते, ते स्वयंपाकघरातील काट्यावर एकदा तोलून घ्यावे.

पाण्याच्या कारंज्याचेही तसेच. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे टाकी भरावयाची राहिली की पंप कोरडाच फिरून बिघडतो. क्षारयुक्त पाण्याने तो तुंबतो. यास्तव शेजारी पाण्याने भरलेले मातीचे भांडे असावेच. वीज गेली तर सेलवर चालेल आणि ज्याचे घड्याळ यंत्रातच असेल, असेच यंत्र निवडावे. २०१६ साली अमेरिकेत एका कंपनीच्या यंत्रांपैकी काही यंत्रे दूरच्या संगणकाशी संपर्क तुटल्यामुळे काही तास निरुपयोगी झाली होती.

मात्र सर्वांत महत्त्वाची उणीव निराळीच आहे. साधे यंत्र खाणे वाढते. ते खाल्ले गेले की नाही, हे पाहत नाही. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर त्याच्या यकृताला गंभीर विकार जडू शकतो. कुत्रा एकाएकी फार पाणी पिऊ लागला, तर ते मधुमेहाचे वा मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते. हे ध्यानात येते ते रोज जवळ बसणाऱ्या माणसाच्या. म्हणून दिवसातील एक जेवण, शक्यतो सकाळचे, आपल्याच हाताने द्यावे. उरलेली यंत्रावर सोपवावीत. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या सकाळीही त्यामुळे काही कारणाने उजाडतात, हा लाभ लहान नव्हे.

सर्वच साधने महाग नसतात. पायांत घुटमळणाऱ्या मांजराच्या पट्ट्याला घुंगरू बांधले, तर अडखळून पडण्याचा धोका कमी होतो. पाण्याचे भांडे चौरंगावर ठेवले, तर कमरेला विसावा मिळतो.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक कुटुंबाने मोकळेपणाने बोलून घ्यावा. आजोबांना अकस्मात रुग्णालयात जावे लागले, तर ह्या प्राण्याचे काय? भरलेले यंत्र फार तर दोन-चार दिवस निभावून नेईल. म्हणून घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी आणि खाण्याच्या वेळा, औषधे व पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेला असावा. जयपुरात १९८० साली स्थापन झालेली ‘हेल्प इन सफरिंग’ ही संस्था आजारी व जखमी जनावरांची शुश्रूषा करते. आपल्या गावी अशी संस्था वा सरकारी पशुचिकित्सालय कोठे आहे, याची चौकशी आजच करून ठेवावी. परगावच्या मुलांनी यंत्र अवश्य पाठवावे. पण त्याबरोबर शेजाऱ्यांनाही एक दूरध्वनी करावा.