आलेखाचा डोंगर आणि पावसाचे माप

4 सप्टेंबर 2022, रविवारची रात्र. बंगळूरवर जणू आभाळच फाटले. सोमवारी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शहरात सुमारे 130 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बेळंदूर, सर्जापूर रस्ता, बाहेरचा वर्तुळमार्ग पाण्याखाली गेला आणि संगणक कंपन्यांतली मंडळी चक्क ट्रॅक्टरवर उभी राहून कामाला निघाली!

अशा दिवसांत घरची माणसे आधी खिडकीबाहेर पाहतात आणि मग मोबाइलवरचा पावसाचा आलेख उघडतात. तो कोण काढतो? खरे तर कोणीच नाही. आपण पान उघडतो त्या क्षणी तो आपोआप काढला जातो.

याची सुरुवात होते एका साध्या भांड्यापासून. बंगळूरच्या येलहंका भागात कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र आहे. 1988 साली दुष्काळावर लक्ष ठेवण्यासाठी सुरू झालेल्या कक्षातून ते वाढत गेले. आज राज्यात ग्रामपंचायतींच्या पातळीवर त्याची सहा हजारांहून अधिक पर्जन्यमापके आहेत. अशा स्वयंचलित मापकात सी-सॉसारखी दोन कप्प्यांची छोटी बादली असू शकते. एक कप्पा भरला की बादली कलंडते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा पुढे येतो. किती वेळा कलंडली ते मोजले की पाऊस कळतो. हे आकडे मोबाइलच्या जाळ्यातून दर पंधरा मिनिटांनी केंद्रात पोहोचतात.

आता दर पंधरा मिनिटांनी हजारो आलेख हाताने कोण काढणार? इथे ‘स्क्रिप्ट’ कामाला येते. नाटकाच्या संहितेत कोणी केव्हा काय करायचे ते लिहिलेले असते, तशीच ही संगणकासाठीची संहिता. ताजे आकडे आण, त्यांतला सर्वांत मोठा शोध, त्याच्या हिशेबाने उभी पट्टी आख, मग एकेक खांब उभा कर. 1995 साली जगापुढे आलेल्या पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या भाषांनी असे काम सोपे केले. पीएचपीची संहिता संकेतस्थळाच्या संगणकावर चालते, तर जावास्क्रिप्टची आपल्याच मोबाइलवर.

पण सोय आली की फसगतही मागोमाग येते. समजा, बेळगावहून बंगळूरला आलेले एक कुटुंब आहे. संध्याकाळी सासूबाई आलेख पाहून घाबरतात, “अगं, केवढा हा डोंगर! त्याला फोन कर, ऑफिसातून निघू नको म्हणावं.” सून डावीकडची पट्टी बघते आणि म्हणते, “अहो आई, हा डोंगर पाच मिलिमीटरचा आहे. रस्ता ओला झाला असेल, इतकंच.”

असे का झाले? त्या दिवशीचा सर्वांत मोठा आकडाच पाच होता आणि संहितेने त्यालाच पानाच्या माथ्यावर नेऊन बसवले. याची उलट बाजू अधिक घातक. 130 मिलिमीटरचा खांब त्याच आलेखात असेल, तर दुसऱ्या दिवशीचे 30 मिलिमीटर त्याच्याशेजारी टेंगळाएवढे दिसतात. प्रत्यक्षात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 30 मिलिमीटर पडला, तर तीन हजार लिटर झाले! तळी आधीच काठोकाठ भरलेली असतील, तर तेवढेही घरात पाणी शिरायला पुरते.

दुसरी फसगत शून्याची. मापक बंद पडले किंवा जाळे तुटले, तर आकडा येतच नाही. चांगली संहिता तिथे जागा मोकळी सोडते. निष्काळजीपणे लिहिलेली मात्र शून्य मांडते. मग “माहिती नाही” याचे “पाऊस नाही” होऊन बसते आणि तेही नेमके मुसळधार पावसात.

तिसरी फसगत तारखेची. करोनाच्या काळात देशभरच्या स्वयंसेवकांनी राज्याराज्यांची पत्रके गोळा करून ‘कोविड१९इंडिया’ हे संकेतस्थळ मार्च 2020 पासून ऑक्टोबर 2021 पर्यंत चालवले. तिथले आलेख असंख्य घरांत रोज पाहिले जात. 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राने आधी नोंदवायचे राहून गेलेले 1,328 मृत्यू एकदम जाहीर केले. असा आकडा जाहीर झाल्याच्या तारखेवर मांडला की त्या दिवशी सुळका उभा राहतो. पण ती माणसे त्या एका दिवसात गेलेली नव्हती. संहिता मिळालेला आकडा मांडते, ‘हा कधीचा?’ असे ती विचारत नाही.

म्हणून आलेख बघताना रेघेआधी तीन गोष्टी पाहाव्यात: डावीकडची पट्टी कुठून कुठपर्यंत आहे, शेवटचा आकडा किती वाजताचा आहे आणि मधे कुठे मोकळी जागा किंवा संशयास्पद शून्य आहे का.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. पाणी 39 वरून 41 वर गेले, तर शून्यापासून आखलेल्या पट्टीवर ती किंचितशी चढण दिसते. 38 पासून आखलेल्या पट्टीवर तोच कडा वाटतो. नदी तीच, पाणी तेवढेच. कोल्हापूरची गृहिणी मात्र चढण आणि कडा दोन्ही बाजूला ठेवते, “किती फूट झालं?” एवढेच विचारते आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते. आलेख कितीही झटपट निघू लागले, तरी आकडा विचारण्याची ही सवय सोडू नये.