विशेष मुलांसाठी घरपोच पाठ : एक विचार

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळांना कुलपे बसली, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा उपक्रम राज्यात निघाला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'चे पाठ सुरू झाले, गुरुजींचे व्हॉट्सअॅपवर गट झाले, आणि 'ऑनलाइन' हा शब्द गावच्या पारावर जाऊन बसला. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. या काळात मुलांचे किती बुडाले याचा हिशेब पुष्कळांनी मांडला. त्या हिशेबातले एक पान मात्र जवळजवळ कोरेच राहिले. ते पान अंध, कर्णबधिर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे.

साथ ओसरून इतकी वर्षे झाल्यावर हा विषय आता कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात शाळेची आणि मुलाची ताटातूट व्हायला साथच यावी लागते असे नाही. पर्लकोटेला पूर चढला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि अख्ख्या तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला माणसे अवघी ७४. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा गाठायचे तर सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते. अशा मुलखात दहा अंध मुले एका शाळेत जमवायची म्हणजे त्यांना दहा गावांतून उचलून दूर वसतिगृहात ठेवावे लागते. वरोऱ्याला आनंदवनात अंधांची आणि कर्णबधिरांची शाळा आहे, तिचे मोल मी नव्याने सांगायला नको. परंतु एटापल्लीकडचे मूल जेव्हा अशा निवासी शाळेत जाते, तेव्हा दिवाळीत, उन्हाळ्यात, आजारपणात ते घरी येणारच. आणि काही मुले तर घराबाहेर पडूच शकत नाहीत. या सर्वांसाठी घरपोच पाठाची योजना हवी. ती साथीच्या घाईत जशी झाली तशी नको.

त्या घाईत काय झाले? पाठ म्हणजे मोबाईल, असे समीकरण मांडले गेले. शिक्षकाने फळ्यापुढे उभे राहून चित्रफीत घ्यायची, ती गटावर टाकायची, की झाला पाठ. 'हे बघा, हे असे, आणि हे इथे मांडा' या वाक्याचा अंध मुलाला काय उपयोग? त्याच्या बोटांना सहा टिंबांची लिपी हवी, ब्रेलची पाटी हवी, जाड कागद हवा. ब्रेल लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे पहिल्यांदा शिकवायला मुलाच्या हातावर कोणाचा तरी हात लागतो. ब्रेल साहित्याला टपालहशील माफ असण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. ज्या गावात मोबाईलची रेघ दिसत नाही त्या गावात पोस्टमन उशिरा का होईना पण पोचतो, एवढी साधी गोष्ट योजना आखणाऱ्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

कर्णबधिर मुलाचे दुखणे याहून वेगळे. त्याला चित्र दिसते, पण तळहाताएवढ्या पडद्यावर शिक्षकाचे ओठ, चेहऱ्यावरचे भाव आणि दोन्ही हात एकाच वेळी मावत नाहीत. चित्र अडखळले की खूणच अर्धी राहते. बरे, घरात तरी उजेड कुठे आहे? अशा मुलाशी बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, म्हणजे बोलणाऱ्याने दाराकडे तोंड करून बसले पाहिजे. ही सूचना एका ओळीची आहे आणि तिला पैसाही लागत नाही. पाठाच्या आराखड्यात प्रथम याच ओळी हव्यात, त्या सोडून इतर सर्व काही असते.

पण मला सर्वांत मोठी अडचण वाटते ती भाषेची. निवासी शाळेतले कर्णबधिर मूल खुणांची भाषा शिकून घरी येते. ती भाषा आईला येत नाही, बापाला येत नाही, भावंडांना येत नाही. घरात त्याच्या लहानपणच्या पाच-पन्नास खुणा असतात : भात, पाणी, साप, मोह, नदीवर जाणे. त्यांत शाळेच्या खुणा मिसळत नाहीत आणि मूल आपल्याच घरात पाहुण्यासारखे वावरते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांवर गेला, ही आनंदाची गोष्ट आहे. आता शिक्षकाने त्यातल्या पन्नास खुणा निवडाव्यात, घरच्या पन्नास खुणा लिहून घ्याव्यात, आणि दोहोंचा मेळ आईला शिकवावा. सुट्टीचा पाठ तो हाच. गणित महिनाभर थांबले तरी चालेल.

आई म्हटले की लगेच प्रश्न येतो, ती शिकलेली नसेल तर? आणि पाठाचा सूचनाकागद मराठीत असून घरात माडिया चालत असेल तर? सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेऱ्याकडे बंगाली आहे, कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी आहे. पुण्याला छापलेला कागद या घरांत चूल पेटवायच्या कामी येईल. हेमलकशाला १९७३ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आले तेव्हा त्यांना आधी माडिया शिकावी लागली, मग रोग्यांचे दुखणे कळू लागले. शिक्षणालाही याहून जवळची वाट नाही.

'अडाणी आई काय शिकवणार', असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातला एक प्रयोग डोळ्यांपुढे आणावा. 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतील त्या कामाचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला : तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. यातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आकड्याचा नाही, साधनाचा आहे. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. ज्या सुईणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असे साधन तयार झाले. आधी सुईण साक्षर होऊ दे, मग बघू, असे कोणी म्हटले नाही. आपण मात्र पाठ आखताना आई 'तशी' नाही म्हणून तिला आधीच वगळून टाकतो.

तोच विचार बौद्धिक अपंगत्वाच्या मुलाला लावून पाहू. त्याच्या शिक्षणाचा गाभा म्हणजे एखादे काम बारीक पायऱ्यांत फोडणे आणि एकेक पायरी पक्की करणे. शाळेत यासाठी रंगीत ठोकळे आणि मणी असतात. मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी तेंदूपत्ता असतो. पाने जुळवायची, देठ एका बाजूला करायचे, मोजून गठ्ठा लावायचा, दोरीने बांधायचे. ७० पानांचे एक पुडके. यात रंग आहे, आकार आहे, क्रम आहे, मोजणी आहे, आणि शेवटी संध्याकाळी फळीवर ते पुडके मोजून घेतले जाते, म्हणजे कामाला मान आहे. मूल ७० पर्यंत मोजू शकत नसेल तर पाच-पाचच्या जोड्या लावील, तेही जमत नसेल तर देठ जुळवील. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आहेत, दिवाळीच्या पुढे धान आहे. शेतकामाच्या दिवसांत आईला वेळ नाही, ही तक्रार मग निम्मी उरते, कारण पाठ तिच्या कामातच आहे. येथे एक सावधगिरी हवी. पाठाच्या नावाखाली मुलाला दिवसभर फुकट राबवून घेतले तर ते शिक्षण नव्हे. अर्धा तास, आणि मुलाने काय नवे केले याची नोंद, एवढीच त्याची मर्यादा.

आणखी एक मूल या चर्चेत कोणाच्या लक्षात येत नाही. सिकलसेलचे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत सिकलसेल आहे, आणि आपल्या आदिवासी समाजात हा रोग किती आहे हे निराळे सांगायला नको. हे मूल चालते, बोलते, पाहते. पण थंडी पडली, ताप आला, अंगातले पाणी कमी झाले की असह्य वेदनांनी ते आठ-आठ दिवस अंथरुणावर पडते. हजेरीपटावर त्याचे नाव 'गैरहजर' आणि गुरुजींच्या तोंडी 'कामचुकार'. त्याच्यासाठी वेगळी लिपी नको, वेगळी भाषा नको. आठ दिवसांचा अभ्यास भरलेली एक पिशवी घरी तयार असावी, दुखणे कमी होईल तसे थोडे थोडे करावे, आणि परत आल्यावर कोणी वर्गासमोर टोमणा मारू नये, एवढेच हवे.

आता या सर्व विचारातला धोका सांगितला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिने तीव्र किंवा बहुविध अपंगत्वाच्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडता येतो. निवड मुलाची आहे. परंतु व्यवहारात ती शाळेच्या हाती जाण्याचा संभव आहे : 'तुमच्या मुलाला आम्ही घरपोच शिक्षण देऊ' असे गोड बोलून दार लावून घ्यायचे आणि महिन्यातून एकदा सही आणायला कोणी तरी पाठवायचे. अशा घरपोच पाठापेक्षा तो नसलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. जे मूल शाळेत जाऊ शकते त्याला शाळेत नेण्याची व्यवस्था आधी. पाठाची पिशवी ही मधल्या दिवसांसाठी, आणि ज्याला खरोखरच जाता येत नाही त्याच्यासाठी.

शिवाय पिशवी भरायला माणूस लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. शहरात दहा मुले दोन गल्ल्यांत सापडतील. आपल्याकडे त्याच दहा मुलांसाठी शिक्षकाचा आठवडा फिरण्यात जाईल, म्हणून जंगलभागाला प्रमाण मुलांच्या संख्येवर न बांधता अंतरावर बांधावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

ती मान्य होईपर्यंत आपल्या महाविद्यालयाला एक काम सहज करता येईल. आपल्या वर्गांत माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली घरी बोलणारे विद्यार्थी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी रस्ता झाडण्याऐवजी, तालुक्याच्या विशेष शिक्षकाला बोलावून त्याच्या सूचना या भाषांत ध्वनिमुद्रित करता येतील. एकेक सूचना दोन मिनिटांची, साध्या फोनवर ऐकता येईल अशी. इतिहास आणि मराठीच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या हिवाळी शिबिरात निदान माडियाच्या वीस सूचना तयार होतील. तेंदूच्या हंगामाच्या आत त्या गावात पोचल्या पाहिजेत.