नाव न घेता

१२ एप्रिल हा चित्रकार अकबर पदमसी यांचा जन्मदिवस. जन्म १९२८ चा, म्हणजे २०२८ साली त्यांची शताब्दी येईल. शताब्दी आली की आपण कलावंताला एखादे विशेषण बहाल करतो आणि मग भाषणांपासून फलकांपर्यंत तेच फिरत राहते. पदमसींसाठी ते तयारच आहे: आध्यात्मिक. कच्छी खोजा कुटुंबातला हा मुंबईकर संस्कृत काव्यशास्त्रात रमला, 'मेटास्केप' नावाची सूर्य-चंद्रांची भूदृश्ये त्याने रंगवली आणि ६ जानेवारी २०२० रोजी कोइमतूरजवळच्या ईशा योग केंद्रात त्याने देह ठेवला. शिक्का मारायला एवढे पुरेसे आहे. शिक्का खोटा नाही, पण तो ज्या कामाला सर्वाधिक शोभतो ते काम फार थोड्यांनी पाहिले आहे. 'सिझिजी' हा त्यांचा अकरा मिनिटांचा मूक, कृष्णधवल चित्रपट.

त्याची गोष्ट पैशापासून सुरू होते. १९६९ च्या सुमारास पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. चित्रकाराने अशा पैशातून दोन-चार वर्षे निवांत चित्रे काढली असती, तरी कोणी बोल लावला नसता. पदमसींनी त्यातून सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि इतर साधने घेतली आणि नेपियन सी रोडवर 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उघडली. चित्रकाराने कॅमेरा हाताळावा, दिग्दर्शकाने चित्रकाराशी भांडावे, असा तो बेत. दिग्दर्शक मणी कौल आणि कुमार शहानी, छायालेखक के. के. महाजन, चित्रकार नलिनी मलानी अशी मंडळी तिथे येत-जात होती. उणीपुरी तीन वर्षे ही कार्यशाळा चालली.

'सिझिजी' तिथेच झाला. खगोलशास्त्रात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येण्याला हे नाव आहे. अमावास्या-पौर्णिमेला घडते ते. पडद्यावर मात्र सूर्य नाही, चंद्र नाही, माणूस तर नाहीच. पदमसींनी बिंदू आणि आकडे यांच्यावर बेतलेली एक नियमावली आखली. कोणता बिंदू कोणत्या बिंदूला जोडायचा, हे नियम सांगणार. हाताने फक्त ओढायचे. अशी शेकडो रेखाटने करून ती एकामागोमाग एक चित्रित केली. रेघ निघते, दुसरीला छेदते, आकार उभा राहतोय असे वाटते तोच मोडतो. पार्श्वसंगीत नाही. पाहणाऱ्याला धरून ठेवायला कथेचा दोरा नाही. पहिली दोन-तीन मिनिटे माणूस अर्थ शोधतो, मग वैतागतो. वैतागूनही बसून राहिला, तर पाहण्याखेरीज दुसरे काही उरत नाही.

अध्यात्म म्हणायचे तर ते इथे आहे. रोज ठरल्या वेळी ठरलेली माळ ओढणाऱ्याला विचारा, नियम किती महत्त्वाचा असतो ते तो सांगेल. स्वतःची लहर, आवड, हौस बाजूला ठेवायला नियमच उपयोगी पडतो. हे अशा माणसाने करावे, ज्याला स्वतःची मते नव्हती असे कोणी म्हणणार नाही. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतील त्यांच्या 'लव्हर्स' चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा ठपका ठेवला, तेव्हा त्यांनी चित्रे उतरवायला नकार दिला, खटला लढवला आणि जिंकला. 'सिझिजी'मध्ये हाच हट्टी माणूस स्वतःच्या हाताला मोकळे सोडत नाही.

'मेटास्केप'ची प्रेरणा ते 'अभिज्ञानशाकुन्तला'च्या नांदीतून सांगत. त्या श्लोकात कालिदास शिवाच्या आठ प्रत्यक्ष रूपांना वंदन करतो, पण पाणी, अग्नी, सूर्य, चंद्र यांची नावे घेत नाही. त्यांची कामे सांगतो. सूर्य-चंद्र म्हणजे काळाची विभागणी करणारे दोघे. पदमसींना हे नाव न घेणे भावले. त्यांच्या चित्रांत म्हणून दोन गोळे एकाच आकाशात असतात आणि कोणता कोण हे विचारावेसे वाटत नाही. 'सिझिजी' त्याच्याही आधीचा, आणि आमच्या मते अधिक धीट: तिथे गोळेही नाहीत, फक्त त्यांचे एका रेषेत येणे आहे.

पडद्यावरच्या अध्यात्माचा विषय निघाला की जगात बिल व्हायोला यांचे नाव येते. १२ जुलै २०२४ रोजी ते गेले. सहा वर्षांचे असताना तळ्यात बुडता बुडता वाचलेल्या या अमेरिकी कलावंताने पुढे आयुष्यभर पाणी, आग, जन्म आणि मृत्यू अतिशय संथ करून दाखवले. १९८६ च्या त्यांच्या 'आय डू नॉट नो व्हॉट इट इज आय अ‍ॅम लाइक'चे शीर्षक ऋग्वेदातून घेतलेले आहे आणि त्यात फिजीतील हिंदूंचा, निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी आहे. व्हायोलांची कामे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये कायमची बसवली गेली. पदमसी 'सिझिजी' करत होते, तेव्हा व्हायोला कॉलेजात होते. दोघांची तुलना करून कोण थोर हे ठरवण्यात अर्थ नाही. व्हायोला शरीराच्या वाटेने गेले, पदमसी संख्येच्या. पण एकाच्या वाट्याला कॅथीड्रल आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला विस्मरण, ही नोंद करावीच लागते. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या पदमसींच्या दुसऱ्या चित्रपटाची तर एकमेव प्रतही हरवली. गीता साराभाईंचे संगीत असलेल्या त्या फिल्मचा माग काढत अशिम अहलुवालिया यांनी २०१६ साली, वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्याच नावाची नवी फिल्म केली.

नवी मुंबईत बसून हे आठवण्याला कारण आहे. पदमसींच्या त्याच कार्यशाळेत, सर्वांत धाकट्या असलेल्या नलिनी मलानींनी १९६९ साली 'ड्रीम हाउसेस' ही फिल्म केली: घरांच्या छोट्या प्रतिकृती, त्यांच्यावरून सरकणारा रंगीत प्रकाश. स्फूर्ती होती वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या वास्तुविचाराची. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली होती. हे शहर वसवण्यासाठी १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. मलानींनी १९७६ मध्ये या रंगीत फिल्मशेजारी दुसरी, कृष्णधवल फिल्म ठेवली, त्यात एक तरुणी शहराकडे बघत उभी आहे. जोडीचे नाव 'युटोपिया'. स्वप्न आणि शहर शेजारी ठेवले की काय होते, हे नवी मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

कोरियांनी बेलापूरला सेक्टर आठमध्ये आर्टिस्ट व्हिलेज उभारले. सात-सात घरे एका अंगणाभोवती, घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला न चिकटलेली, म्हणजे ज्याला जसे परवडेल तसे त्याने वाढवावे. लोकांनी वाढवले, इतके की मूळ उतरत्या कौलारू छपराचे घर आता शोधावे लागते. त्याबद्दल हळहळण्यात आम्हाला रस नाही. वाढण्यासाठीच ती घरे होती. अंगणे मात्र बरीच शिल्लक आहेत.

या शहरात देवळे, सत्संग, प्रवचने यांना तोटा नाही. खारघरला गेल्या वर्षी-दोन वर्षांत इस्कॉनचे भव्य मंदिर झाले, सणासुदीला चौकाचौकांत मोठे एलईडी पडदे लागतात, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह नाटकांसाठी आहेच. पण पडद्यावरची चित्रकला शांतपणे पाहायची, तर तेवढ्यासाठी ठाण्या-मुंबईकडे डोळे लावावे लागतात. पदमसींच्या शताब्दीला समिती आणि स्मरणिका निघाली तर निघो. त्याआधी बेलापूरच्या एखाद्या अंगणातल्या भिंतीवर 'सिझिजी' आणि 'युटोपिया' लागोपाठ दाखवता येतील. फिल्मच्या हक्कांसाठी रीतसर पत्र, एक प्रोजेक्टर, थोडा वेळ रस्त्याचा दिवा बंद ठेवण्याची विनंती, बसायला सतरंज्या. प्रास्ताविक नको. परवानगीच्या अर्जावर 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात धार्मिक लिहायचे की सांस्कृतिक, ते अर्जदाराने ठरवावे. 'सिझिजी'पुरता तरी ध्वनिक्षेपकाचा रकाना कोरा सोडता येईल.