मामा, भाऊ आणि स्टॉकहोमची चिठ्ठी

स्वीडनला गेलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का थंडीचा बसत नाही, 'तू'चा बसतो. तेथे डॉक्टर 'तू', कचेरीतले साहेब 'तू' आणि पंतप्रधानही 'तू'. पूर्वी ही मंडळी आपल्याइतकीच हुद्द्यांची भोक्ती होती. १९६७ साली ब्रॉर रेक्सेड नावाचे गृहस्थ सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि खात्यात सर्वांना नावानेच हाक मारणार, असे त्यांनी जाहीर केले. बघता बघता देश एकेरीवर आला. राजघराणे तेवढे वाचले!

दुसरा धक्का नंबराचा. औषधाच्या दुकानात शिरताच यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि आपला आकडा लागेपर्यंत गप्प उभे राहायचे. 'जरा घाईत आहे हो' हे तेथे चालत नाही. इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली असते, तिची वेळ आधी नोंदवायची. दुसऱ्याच्या वेळेत आपले धुणे रेंगाळले, की दारावर चिठ्ठी चिकटते. सभ्य, निनावी आणि जिव्हारी लागणारी.

इंदापूरच्या शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. ती पाणीपाळीच आहे. फक्त ती पाळली जाते. आपल्या शेजपाळीचा नियम तर त्याहून न्याय्य आहे : पाणी आधी कालव्याच्या शेपटाला, मग वरच्यांना. पण वीर धरणाहून निघालेला नीरा डावा कालवा बारामती ओलांडून इंदापुरात येईपर्यंत नियम थकतो आणि ओळख पुढे सरसावते.

ओळख म्हणजे आपल्याकडे नातेच. २०२४ ची लोकसभेची लढत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांच्यात होती. पारावर मात्र ती 'ताई की वहिनी' अशीच होती. त्याच वर्षी विधानसभेला बारामतीत काका-पुतणे उभे राहिले, तर इंदापुरात 'मामा' म्हणजे दत्तात्रय भरणे आणि 'भाऊ' म्हणजे हर्षवर्धन पाटील. स्वीडिश माणसाला हे भाषांतर करून सांगितले, तर त्याला ही निवडणूक न वाटता वाटणीचा दावा वाटेल.

गंमत इथेच संपते. मामाकडे हट्ट करता येतो, हिशेब मागता येत नाही. सरकारी कागद पाहण्याचा हक्क स्वीडनमध्ये १७६६ पासून आहे. कर खात्याला विचारून मंत्र्याचे उत्पन्नही कळते. माहितीचा अधिकार आपल्याकडेही २००५ पासून देशभर आहे. पण ज्याला मामा म्हटले, त्याच्या कारभाराबद्दल अर्ज टाकला की ती भाऊबंदकी ठरते.

नात्याची बाजू अगदीच लंगडी नाही, हेही खरे. रात्री दोनला पुण्यात रुग्णासाठी खाट हवी असते, तेव्हा कामाला येतो तो कोणाच्या तरी माणसाचा फोनच. स्टॉकहोममधला शेजारी म्हणे जिन्यात कोणी नाही ना, हे पाहून मगच दार उघडतो. त्याच्याकडे असा फोन कोण करणार? मात्र आपल्याकडेही तो फोन सगळ्यांच्या हाताशी नसतो, आणि कालव्याच्या शेपटाला तर नसतोच नसतो.

आवर्तन संपले, की कोणत्या चारीला किती तास पाणी गेले याचा कागद चावडीवर लावावा, असा आग्रह शेपटाच्या गावांनी धरायला हरकत नाही. मामांनी रागावण्याचे कारण नाही, आणि भाऊंनीही.